मामांच्या खिशातली पुडी

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर सकाळी सहाला जाऊन उभं राहावं. समोर तापी, पाठीशी जुन्या शहराच्या भिंती, आणि नदीच्या पात्रात तो दगडी हत्ती. पावसाळ्यात पाणी किती चढलं हे लोक या हत्तीवरून सांगतात. हत्तीच्या पोटापर्यंत आलं, पाठीपर्यंत आलं, हत्ती बुडाला. पलीकडच्या तीरावर झैनाबाद. 1631 साली मुमताजमहल इथेच वारली. तिला आधी त्या तीरावरच्या आहुखान्यात पुरलं होतं आणि नंतर आग्ऱ्याला नेलं. ताजमहालाची गोष्ट खरं तर या घाटापासून सुरू होते, पण बुऱ्हाणपूरला ते श्रेय कुणी फारसं देत नाही.

हे माझं आजोळ. आई बुऱ्हाणपूरची, वडील बेळगावचे. लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही भुसावळला उतरून पुढे जायचो. आता गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट भुसावळला नेते, तरी जाणं होतं ते लग्नकार्याला नाहीतर कुणाच्या आजारपणाला. गेल्या वर्षी डिसेंबरात गेलो तो मामांना भेटायला. मामांचं वय 74. शाळामास्तर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. रोज पहाटे राजघाटावर जायचं, पायऱ्या उतरून तापीला नमस्कार करायचा आणि चार-पाच समवयस्कांबरोबर तासभर बसायचं, हा त्यांचा नेम.

त्या सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. मामांनी कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत भाजलेल्या बिया. एकेक बी दातांत धरायची, कट्कन फोडायची, टरफल बाजूला टाकायचं. पोपटासारखं सगळं चाललेलं.

"काय आहे हे मामा?"

"औषध," मामा म्हणाले. मग शेजारच्या मित्राकडे बघून हसले. "या वयात ज्याची त्याची तक्रार असते ना, त्यावरचं."

मित्रही हसले. त्यांच्याही खिशात पुडी होती. तक्रार कोणती, हे तासाभरात एकानंही शब्दांत सांगितलं नाही. पण या तासात मामा तीनदा उठून भिंतीआड गेले, आणि दर वेळी परत यायला त्यांना बराच वेळ लागला. पूर्वी ते शेवटच्या पायरीपर्यंत उतरून पाण्यात पाय बुडवायचे. त्या दिवशी वरच बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही रे, थंडी आहे."

आधी नावांचा घोळ

घरी आल्यावर मामींना म्हटलं, "मामी, त्या बिया कशाच्या?" मामी म्हणाल्या, "गंगाफळाच्या. कमी पडल्या तर डांगराच्याही मिसळते."

मी गोंधळलो. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीपासून खाली डांगर म्हणजे तांबडा भोपळाच. मग गंगाफळ कोणतं? नंतर उलगडा झाला. खानदेशात आणि बुऱ्हाणपूरकडे तांबड्या भोपळ्याला गंगाफळ म्हणतात आणि डांगर म्हणजे खरबूज. म्हणजे मामांच्या पुडीत दोन वेगळ्या फळांच्या बिया होत्या.

आपल्या सीमाभागातल्या घरांत हा घोळ आणखी रंगतो. माझी बायको कन्नड घरातली. तिच्या माहेरी 'कुंबळकायी' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कोणती? सिहि कुंबळकायी म्हणजे आपला तांबडा भोपळा. बूदु कुंबळकायी म्हणजे कोहळा. सासूबाई कुंबळकायी आणायला सांगायच्या, मी भोपळा घेऊन जायचो, आणि सांबाराऐवजी त्या दिवशी घारगे व्हायचे. त्यांच्या भाषेत गारिगे.

नावांचा घोळ इथे नुसता गमतीचा नाही. 'आयुर्वेदात कूष्मांड सांगितलं आहे, म्हणून भोपळ्याच्या बिया खा' असं पुष्कळ जण सांगतात. पण जुन्या ग्रंथांतलं कूष्मांड म्हणजे कोहळा. तांबडा भोपळा हे मुळात अमेरिका खंडातलं फळ. कोलंबसानंतर जगभर पसरलं तेव्हा आपल्याकडे आलं. चरक-सुश्रुतांनी ते पाहिलेलं असणं शक्य नाही. म्हणून कोहळ्याचे गुण भोपळ्याच्या नावावर जमा करू नयेत.

भोपळ्याच्या बीला आपल्याकडे परंपराच नाही, असंही नाही. मिठाईवर पेरतात तो मगज आपण खातोच. चारमगज म्हणजे टरबूज, खरबूज, काकडी आणि भोपळा यांच्या सोललेल्या बिया. युनानी वैद्यकात अशा बियांचा वापर जुना आहे. आणि बुऱ्हाणपूर हे या दोन्ही शास्त्रांचं गाव. इथे पंडित शिवनाथ शास्त्री यांच्या नावाचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेजही आहे. अशा गावात घाटावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या खिशात बियांच्या पुड्या निघाल्या, यात नवल नाही.

कुंडी भंडारा आणि आपलं शरीर

दुसऱ्या दिवशी मामेभावाबरोबर कुंडी भंडारा पाहायला गेलो. काही लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात. जहांगिराच्या काळात, 1615च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी हे काम झालं. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणायचं. ना पंप, ना मोट. मधूनमधून विहिरीसारख्या कुंड्या, हवेसाठी आणि साफसफाईसाठी. लिफ्टनं खाली उतरलं की बोगद्यातून पाणी वाहताना दिसतं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेत. मामेभाऊ म्हणाला, "हे थर वाढत गेले की वाट अरुंद होते. पाणी मागे तुंबतं."

मला तिथे मामा आठवले.

आपल्या शरीरातली ही व्यवस्था अशीच आहे. मूत्रपिंडातून पाणी मूत्राशयात येतं, तिथे साठतं आणि मूत्रनलिकेतून बाहेर जातं. पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी या नळीभोवती प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. मराठीत तिला पुरस्थ ग्रंथी म्हणतात. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, सुमारे 20 ग्रॅमची असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत ही वाढ दिसते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. केस पिकावेत तसा वयाचाच तो भाग आहे. पण ग्रंथी वाढते ती नळीच्या भोवतीच, त्यामुळे वाट दाबली जाते. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. ज्यांना होतो त्यांची लघवी लवकर सुरू होत नाही, धार बारीक होते, मध्येच थांबते, शेवटी थेंब थेंब येत राहते. पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. घाई लागते. रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं.

बोगदा अरुंद झाला की पाणी मागे कुंडीत चढतं. तसंच इथे मूत्राशयात पाणी शिल्लक राहू लागतं. त्यात जंतू होतात, खडे होतात, आणि दाब फारच वाढला तर तो मागे थेट मूत्रपिंडापर्यंत पोचतो. दुखत नाही म्हणून कळत नाही.

बी खरोखर काय करते?

मामांची श्रद्धा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती अगदी निराधार नव्हती. भोपळ्याच्या बियांवर युरोपात, विशेषतः जर्मनी आणि ऑस्ट्रियात, बरंच काम झालं आहे. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात एकोणिसाव्या शतकात भोपळ्याची अशी एक जात निपजली की तिच्या बीला कडक टरफलच नाही. त्या बियांचं गडद हिरवं तेल तिथली माणसं सॅलडवर घालून खातात. लघवीच्या तक्रारीवर या बिया खाणं हा तिकडचा जुना घरगुती उपाय.

याची नीट परीक्षा घेणारा मोठा अभ्यास जर्मनीत झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 50 ते 80 वर्षांचे 1,431 पुरुष. त्यांचे तीन गट केले. एका गटाला रोज दोनदा 5 ग्रॅम भोपळ्याच्या बिया, दुसऱ्याला बियांच्या अर्काच्या कॅप्सूल, तिसऱ्याला औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच कॅप्सूल. हे वर्षभर चाललं. निकाल असा की अर्काच्या कॅप्सूल आणि खोट्या कॅप्सूल यांत फरक पडला नाही. बिया खाणाऱ्यांत मात्र 100 पैकी 58-59 जणांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला. आणि खोट्या कॅप्सूल घेणाऱ्यांत? तिथेही 100 पैकी 47 जणांना!

या आकड्यांवर थोडं थांबावं. बियांनी दर शंभरात अकरा-बारा जणांचा जास्त फायदा झालेला दिसतो. हे अगदीच शून्य नाही. पण बिया खाणाऱ्याला आपण बिया खातोय हे ठाऊक असतंच, म्हणून मनाच्या समाधानाचा वाटा त्यातून पूर्ण वेगळा काढता येत नाही. आणि काहीच न घेता सत्तेचाळीस जणांना बरं वाटलं, कारण ही तक्रार स्वभावानंच कमीजास्त होते. थंडीत वाढते, उन्हाळ्यात उतरते. राजघाटावरचे पाच मित्र जेव्हा म्हणतात 'मला फरक पडला', तेव्हा त्यातल्या दोघांना तो पुडीशिवायही पडला असता.

दुसरा अभ्यास इराणचा, 2021 मधला, 73 रुग्णांचा. एका गटाला भोपळ्याच्या बियांचं तेल, दुसऱ्याला टॅम्सुलोसिन ही डॉक्टर नेहमी देतात ती गोळी. आराम दोघांना पडला, पण गोळीनं जास्त. तेलाचे दुष्परिणाम मात्र दिसले नाहीत.

युरोपच्या औषध नियामक संस्थेनं या बियांना मान्यता दिली आहे, पण ती जपून. दीर्घकाळच्या वापराच्या आधारावर, आणि डॉक्टरांनी आधी तपासून गंभीर आजार नाही असं ठरवल्यानंतर. यातला 'आधी तपासून' हा भाग पुडीवर कुणी छापत नाही.

आणखी एक गोष्ट. या अभ्यासांतला भोपळा वेगळ्या जातीचा आहे. आपल्या बाजारात फोडी करून मिळतो तो तांबडा भोपळा बहुतेक दुसऱ्या जातीचा. बिया भावंडांसारख्या आहेत, पण एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याला जसंच्या तसं लावता येत नाही.

अन्न म्हणून मात्र ही बी उत्तम. सोललेल्या 100 ग्रॅम बियांत सुमारे 30 ग्रॅम प्रथिनं, भरपूर मॅग्नेशियम, चांगलं जस्त, आणि वनस्पतींतली स्टेरॉल नावाची द्रव्यं असतात. भोपळा चिरताना आपण जे उकिरड्यावर टाकतो, ते खरं तर घरातल्या महागड्या सुक्या मेव्याच्या तोडीचं आहे.

ती रात्र

मी परतायच्या आदल्या दिवशी मामांना सर्दी झाली. नाक चोंदलं, डोकं जड झालं. घरात पडलेल्या सर्दीच्या गोळ्या त्यांनी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा घेतल्या. कुणी काही बोललं नाही. सर्दीची गोळी म्हणजे सर्दीची गोळी.

रात्री दीड वाजता मामींनी मला उठवलं. मामा मोरीच्या दाराशी भिंतीला धरून उभे होते. चेहरा घामानं निथळलेला. ओटीपोट दगडासारखं वर आलेलं. "होत नाही रे," एवढंच म्हणाले. संध्याकाळी सातपासून एक थेंब बाहेर आला नव्हता. सहा तास त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. का, तर सून घरात आहे, भाचा पाहुणा आहे. मध्येच त्यांनी आणखी मूठभर बिया खाल्ल्या होत्या, औषध म्हणून.

दवाखान्यात नळी घातली तेव्हा एक लिटरहून जास्त लघवी निघाली. मामा लहान मुलासारखे रडले. वेदना गेली म्हणूनही असेल, लाजेनंही असेल.

तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "सर्दीची कुठली गोळी घेतली?" सर्दीच्या कित्येक गोळ्यांत अशी औषधं असतात की ती मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा मूत्राशयाचा जोर कमी करतात. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. पण ज्याची वाट आधीच अरुंद आहे, त्याची ती बंदच होऊ शकते. त्यात डिसेंबरची थंडी, आणि टरफलासकट चावलेल्या बियांनी चार दिवसांचा मलावरोध. भरलेलं आतडंही लघवीची वाट दाबतं.

सकाळी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी झाली. ग्रंथी बरीच वाढलेली. दोन्ही मूत्रपिंडं थोडी फुगलेली. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं. म्हणजे पाणी मागे तुंबत होतं, कित्येक महिने. डॉक्टर मामांना म्हणाले, "काका, दोन वर्षांपूर्वी आला असता तर एका गोळीवर भागलं असतं."

मामी हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं तर बियाच खात होते."

मला बियांचा राग आला नाही. बियांनी मामांचं वाईट केलं नाही. पुडीमुळे मामांना वाटत राहिलं की आपण काहीतरी करतोय. दवाखान्यात जायचं टाळायला एवढं पुरेसं होतं.

एनिल्ल

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. कारण भुसावळ ते मनमाड या अंतरात मी स्वतः दोनदा उठलो होतो.

माझं वय 61. गेलं वर्षभर रात्री तीनदा उठतोय. बायको विचारायची, "एनाग्यदरी निमग?" मी म्हणायचो, "एनिल्ल." मामा मराठीत 'काही नाही' म्हणत होते, मी कन्नडमध्ये. आपल्या सीमाभागातल्या माणसाला दोन भाषा येतात, पण काही गोष्टी लपवायला तो दोन्ही वापरतो.

बेळगावला आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं. रात्री कडी वाजते ना." आणि तिनंच मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी एक कागद पुढे ठेवला. सात प्रश्न. गेल्या महिनाभरात लघवी झाल्यावर पूर्ण मोकळं झालं नाही असं किती वेळा वाटलं? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं? धार मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली? घाई लागली की थांबवणं कठीण झालं? धार बारीक होती? सुरू करायला जोर लावावा लागला? आणि रात्री किती वेळा उठलात? प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसच्या पुढे तीव्र. जगभर हाच कागद वापरतात. शाळेतल्या पेपरात मला एवढे गुण नको होते, पण चौदा पडले.

मग तपासणी. बोटानं करायची ती एक मिनिटाची तपासणी, जिच्या भीतीनं माणसं वर्षानुवर्षं दवाखाना टाळतात. लघवीची तपासणी, साखर, क्रिएटिनिन, पीएसए ही रक्ताची चाचणी, सोनोग्राफी. साखरही पाहायची, कारण रात्री उठावं लागण्याचं कारण दर वेळी प्रोस्टेटच असतं असं नाही. मधुमेह असू शकतो, रक्तदाबाची पाणी काढणारी गोळी असू शकते, नाहीतर संध्याकाळचे चार कप चहाही असू शकतात. आणि प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला काहीच लक्षण दाखवत नाही, म्हणून 'मला त्रास नाही' हा काही पुरावा होत नाही.

माझे रिपोर्ट बरे निघाले. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली. ती मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, काही दिवसांतच फरक कळतो. मात्र सुरुवातीला झटकन उठलं तर चक्कर येऊ शकते. आणि पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं झालं तर ही गोळी घेतो हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं. दुसऱ्या प्रकारची गोळी ग्रंथीच लहान करते, पण तिला सहा महिने लागतात. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन.

शेवटी मी चाचरत विचारलं, "डॉक्टर, भोपळ्याच्या बिया खाल्ल्या तर?"

ते हसले. "खा की. चांगलं अन्न आहे. फक्त माझ्याऐवजी खाऊ नका."

बिया घरात कशा वापराव्यात

भोपळा चिरल्यावर बिया काढून धुवाव्यात, तंतू काढावेत आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. मग जाड कढईत मंद आचेवर, तेल न घालता, तडतडेपर्यंत भाजाव्यात आणि सोलाव्यात. टरफलासकट मूठमूठ खाऊ नयेत. दाताला त्रास आणि पोटाला त्याहून जास्त.

आमच्या घरी शेंगा चटणी, अगसी चटणी, गुरेळ्ळ चटणी या तिन्ही बरण्या असतातच. बायकोनं आता चौथी केली आहे. सोललेल्या भाजक्या बिया एक वाटी, भाजलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, जिरं, ब्याडगी मिरचीचं तिखट, चिंचेचं बुटुक, गुळाचा खडा आणि बेतानं मीठ. खलबत्त्यात जाडसर कुटायचं. ज्वारीच्या भाकरीबरोबर, म्हणजे जोळद रोट्टीबरोबर, दिवसाला एक मोठा चमचा पुरे. मुलांना दह्यात कालवून आवडते.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी, कारण या बियांत फॉस्फरस भरपूर असतो. आणि भोपळा किंवा बी कडू लागली तर सरळ फेकून द्यावी. कडू भोपळा विषारी असू शकतो.

लक्षात ठेवा

- रात्री दोनपेक्षा जास्त वेळा उठावं लागत असेल, धार बारीक झाली असेल, तर पन्नाशीनंतर एकदा तरी डॉक्टरांना दाखवा.
- लघवीतून रक्त, ताप-थंडी, जळजळ, कमरेत दुखणं, यांपैकी काही असेल तर उद्यावर टाकू नका.
- लघवी पूर्ण बंद झाली तर ताबडतोब दवाखाना. घरगुती उपाय करत बसू नका.
- प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी सर्दी-खोकल्याची गोळी मनानं घेऊ नये. औषधाच्या दुकानात आपला त्रास आधी सांगावा.
- दिवसा पाणी तोडू नका. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी आणि चहा कमी करा.
- लघवी झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा. पुष्कळदा उरलेलं निघून जातं.
- पोट साफ ठेवा.

आणि घरातल्या बायकांना आणि मुलांना एक विनंती. आमची पिढी हे सांगणार नाही. रात्री कडी किती वेळा वाजते ते तुम्हीच मोजा.

पुन्हा राजघाट

मामांचं महिनाभरानं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. नळी निघाली, क्रिएटिनिन उतरलं, पण अगदी पहिल्यासारखं झालं नाही. डॉक्टर म्हणाले, दर सहा महिन्यांनी पाहत राहू. ते सहन करावं लागणार आहे.

परवा त्यांचा फोन आला. घाटावरूनच. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"कुठे आहात मामा?"

"शेवटच्या पायरीवर. पाय पाण्यात आहेत."

मग त्यांनी सांगितलं की घाटावरच्या मित्रांपैकी तिघांना त्यांनी स्वतः बरोबर नेऊन तपासून आणलं. एकाची साखर निघाली, एकाला गोळी लागली, एकाला काहीच नव्हतं. मास्तर माणूस, हजेरी घेतल्याशिवाय राहवत नाही.

"आणि पुडी?" मी विचारलं.

"आहे ना खिशात. मामी आता सोलून देते." मग जरा थांबून म्हणाले, "पण औषध नाही म्हणत हिला. खाऊ म्हणतो."